वाचक विचारतात: कुणाशी वाकडं न घेता बोलायचं कसं?

या महिन्यात आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. कॉलेजातली मुलं असोत नाहीतर गावातली मोठी माणसं, सगळ्यांचं म्हणणं हेच की आम्हाला कुणाशी वाकडं घ्यायचं नाहीये, मग गप्प बसू का. गोव्यात हा प्रश्न जरा जास्तच बोचतो कारण आपलं राज्य लहान, विधानसभेचे मतदारसंघ 40 आणि बहुतेक ठिकाणी मतदार 25 ते 30 हजारांच्या आसपास, त्यामुळे कोण कुठल्या घरातला आणि कुणाच्या बाजूचा हे सगळ्यांना पाठ असतं, आणि आज ज्याच्याशी वाजलं तोच चवथीला आरतीला तुमच्या दारात उभा राहणार असतो. पाच पत्रं घेतलीयत, नावं काढून टाकलीयत.

प्रश्न: ताई, मी दुसऱ्या वर्षाला आहे, डिचोली तालुक्यातून बसने कॉलेजला येते. आमच्याकडे यूआरच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी रिप्रेझेंटेटिव्हच्या इलेक्शनला दोन पॅनल आहेत आणि दोघांनाही मी त्यांच्याकडून उभी राहायला हवीय. एका पॅनलमध्ये माझी शाळेपासूनची मैत्रीण आहे, दुसऱ्याच्या मागे जे लोक आहेत त्यांच्यात माझे काका फिरतात. घरी रोज फोन येतात. आई म्हणते या भानगडीत पडूच नको. मलाही भांडण नकोय, पण वर्गातली मुलं म्हणतात तू राहा. काय करू?
— एक विद्यार्थिनी

बाय, आधी एक सांग, तुला स्वतःला राहायचंय का? तुझ्या पत्रात मैत्रिणीला काय हवंय, काकांना काय हवंय, आईला काय वाटतं, सगळं आहे, तुझं मात्र कुठेच नाही. ते ठरव, एक-दोन दिवस घे, पण त्यापेक्षा जास्त लांबवू नकोस कारण खरी कटकट होते ती "बघते, सांगते" म्हणत दोन्हीकडे आशा लावून ठेवण्याने. नाही म्हटलेलं लोक विसरतात, लटकवून ठेवलेलं विसरत नाहीत.

ठरलं की दोघांना एकाच दिवशी, शक्यतो समोरासमोर, एकाच शब्दांत सांग. मैत्रिणीला आधी सांग, तिला तिसऱ्याकडून कळता कामा नये. व्हॉट्सअ‍ॅपवर सांगू नकोस, तिथे स्क्रीनशॉट निघतो आणि मग तू काय म्हणालीस यापेक्षा कुणी कुणाला काय फॉरवर्ड केलं यावरच आठवडाभर चालतं. काकांना मात्र वडिलांसोबत बसून सांग, एकटी नको.

राहायचं ठरवलंस तर लिंगडोह समितीच्या शिफारशी एकदा बसून वाच. सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये त्या मान्य केल्या आणि विद्यार्थ्यांच्या निवडणुका त्याप्रमाणे घ्यायच्या असतात. मुलं त्याला कंटाळवाणं कागद समजतात पण त्यात लिहिलेली जवळजवळ प्रत्येक अट ही कुठल्या ना कुठल्या भांडणावरचा उपाय आहे. एका उमेदवाराला खर्च 5000 रुपयांपर्यंत, राजकीय पक्षांकडून पैसे घ्यायचे नाहीत, छापील पोस्टर नाहीत, हाताने केलेलेच लावायचे आणि तेही ठरवून दिलेल्या जागीच, प्रचाराला लाउडस्पीकर नाही, गाड्या नाहीत. निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब द्यायचा. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही की समोरच्यावर टीका करायची ती त्याच्या कामावर, धोरणावर, आधी काय केलं त्यावर, खाजगी आयुष्यावर अजिबात नाही.

मी शिकवायचे तेव्हा इलेक्शनच्या आठवड्यात कॅन्टीनच्या मागे जी वादावादी व्हायची ती विचारांवरून क्वचितच असायची. टी-शर्टचे पैसे कुणी दिले, गाडी कुणी आणली, जेवण कुणी घातलं, यावरून ती व्हायची, आणि ज्याने पैसे घातले त्याला निकालानंतर वसूल करायचं असतं, मग निवडून आलेला मुलगा वर्षभर त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. म्हणून एक साधी वही घाल, त्यात चार्ट पेपर, स्केच पेन, झेरॉक्स, जे काय असेल ते तारखेसकट लिहीत जा, बिलं तिथेच पिनअप कर. कुणी म्हटलं "अगं खर्चाचं आम्ही बघतो" तर तिथेच थांबव. कॉलेज सुटल्यावर कुणाच्या गाडीतून मीटिंगला जायचं नाही, मीटिंग कॉलेजच्या आवारात आणि दिवसाउजेडी. घरी येणाऱ्या फोनचं उत्तर वडिलांनी द्यावं, "पोरगी कॉलेजातच बोलेल" एवढंच.

आणि बोलायचं काय ते ठरव. तू बसने येतेस ना, मग शेवटच्या लेक्चरनंतर किती वेळ स्टँडवर थांबावं लागतं ते सांग, लायब्ररी किती वाजता बंद होते ते सांग, मुलींच्या कॉमन रूमची काय अवस्था आहे ते सांग. तू ज्या कन्सेशनवर प्रवास करतेस ना, त्या 50 टक्के सवलतीसाठी 1978-79 मध्ये गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी मोठं आंदोलन केलं होतं, तेव्हा बस खाजगी होत्या, कदंब महामंडळ त्यानंतर 1980 मध्ये आलं. त्या मुलांच्याही घरी आया होत्याच, आणि त्याही म्हणाल्या असतील पडू नको. आईला हे सांग, तिची काळजी खरी आहे, पण तू विषय घेऊन उभी राहतेयस हे तिला दिसू दे.

प्रश्न: माझा मुलगा पहिल्या वर्षाला, हॉस्टेलला आहे. सीनियर मुलं रात्री उठवतात, कपडे धुवायला लावतात, परवा फोन काढून घेतला. तो म्हणतो आई कुणाला सांगू नको, सांगितलंस तर आणखी त्रास देतील, वर्षभरात थांबेल आपोआप. मी गप्प राहावं का?
— एक आई, काणकोण

नाही. बाकी पत्रांत मी सबुरीने घ्या म्हणतेय, इथे नाही म्हणणार.

हे भांडण नाहीये, हे रॅगिंग आहे आणि गंमत म्हणून केलं तरी ते रॅगिंगच. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2009 चे नियम त्यासाठीच आहेत, अ‍ॅडमिशनच्या वेळी मुलाने आणि तुम्ही जे हमीपत्र भरलं तसंच त्या सीनियर मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही भरलेलं आहे, म्हणजे शिक्षा काय होऊ शकते ते त्यांना माहीत आहे. हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत, आणि नाव उघड न करताही तक्रार घेतात. तुम्ही आईच फोन करा, मुलाला करायला लावू नका. तक्रार नोंदली की तिचा नंबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलना भेटा, भेटायला जाताना कुठल्या रात्री, साधारण किती वाजता, कुठल्या खोलीत काय झालं ते एका कागदावर लिहून न्या. "मुलाला त्रास होतो" एवढंच सांगितलं तर "बघतो" म्हणून परत पाठवतात, तारीख-वार-जागा लिहिलेला कागद समोर ठेवला की त्यांना पुढची कारवाई करावीच लागते, आणि प्रकरण गंभीर असेल तर पोलिसांत द्यायची जबाबदारीही संस्थेचीच असते.

मुलाला दोन-चार दिवस घरी आणता आलं तर आणा. त्याला रागावू नका की आधी का नाही सांगितलंस.

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या वाड्यावरून जाणारा व्हाळ, म्हणजे ओढा, एका बांधकामाने अर्धा बुजवलाय. पावसात पाणी चार घरांत शिरतं. गेल्या ग्रामसभेत मी उठून बोललो, आवाज चढला, समोरूनही चढला आणि विषय राहिला बाजूला. सरपंच माझ्या चुलतभावाची बायको, आता त्यांच्या घरचे आमच्याशी बोलत नाहीत, माझी बायको म्हणते तुम्हालाच कशाला पडलंय गावाचं. पुढच्या ग्रामसभेला जाऊ की नको?
— एक वाचक, सत्तरी

जा. पण जाण्याआधी थोडं काम करून जा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं, विषय राहिला बाजूला. आपल्याकडच्या ग्रामसभेत हे फार होतं. रविवारी सकाळी हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, एकच माइक, मागच्या मागच्या प्रोसिडिंगवर अर्धा तास जातो, मग कुणीतरी उठून "तुम्ही" असं सुरू करतो आणि त्या "तुम्ही"वर समोरचा पेटतो. सरपंच व्हाळाबद्दल बोलतच नाही, स्वतःच्या इभ्रतीबद्दल बोलते. दोष तिचाही असेल, पण चुलतदिराने सगळ्या गावासमोर आवाज चढवल्यावर तिने दुसरं काय करायचं होतं? आणि मिनट बुकात काय आलं, तर "चर्चा झाली". तुमच्या घरात पाणी शिरतं हे त्यात कुठेच नाही.

म्हणून सुरुवात कागदापासून करा. पहिलं, त्या जागेचा सर्व्हे नंबर काढा आणि एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा कागद, बघा, सर्व्हे प्लॅन पण घ्या, व्हाळ नकाशात कसा दाखवलाय ते त्यावर दिसेल. दुसरं, आरटीआय. साधा अर्ज, फी 10 रुपये, पंचायतीत माहिती अधिकारी म्हणजे सचिव, त्यांच्याकडे मागा: या सर्व्हे नंबरात बांधकामाला परवाना दिलाय का, दिला असेल तर त्याची प्रत, मंजूर प्लॅनची प्रत, नगर नियोजन खात्याच्या पत्राची प्रत. "का दिला" असं विचारू नका, कारण विचारून उत्तर मिळत नाही, कागद मागा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, ते गटविकास अधिकाऱ्याकडे जातं. बऱ्याचदा अपिलापर्यंत जावंच लागत नाही, अर्ज आत गेल्यावरच संबंधित मंडळी मोजमाप करायला लागतात.

तिसरं, ग्रामसभेत मांडायचा प्रश्न आधीच लेखी देऊन ठेवा. किती दिवस आधी द्यायचा ते सचिवांना विचारून घ्या, आणि पंचायतीत जाल तेव्हा दोन प्रती न्या, एक त्यांना, दुसरीवर इनवर्ड नंबर आणि शिक्का मारून परत घ्या. हा शिक्का फार मोलाचा आहे हो. तुमच्या हातात तो असला की तुम्हाला आवाज चढवायची गरजच उरत नाही, तुम्ही फक्त म्हणायचं, अमुक तारखेला इनवर्ड अमुक नंबर, त्याचं उत्तर हवंय. अर्जावर त्या चारही घरांच्या सह्या घ्या, तुमची सही पहिली नको, दुसरी किंवा तिसरी असू दे. पावसातले फोटो असतील तर तारखेसकट प्रिंट काढून जोडा.

आणि ग्रामसभेच्या आधी, दोन-तीन दिवस आधी, चुलतभावाच्या घरी जा. तुम्ही म्हणाल ते बोलत नाहीत, तरी जा, बायकोला घेऊन जा. तिथे व्हाळावर वाद घालायचा नाही, फक्त सांगायचं की मागच्या वेळी आवाज चढला तो चढायला नको होता, विषय मात्र मी परत मांडणार आहे आणि हा त्याचा कागद, ही प्रत तुला. बस. सरपंचाला सगळ्यांसमोर अचानक धरलं की ती बचावाला लागते, आधी कळलेलं असलं तर तिला तयारी करता येते, कदाचित तीच म्हणेल की जागेची पाहणी लावू. घरच्या माणसाला एवढी संधी द्यायला काय हरकत आहे.

ग्रामसभेत बोलताना दोन मिनिटांत संपवा. किती घरं, पाणी कुठवर येतं, मागणी काय: पाहणी व्हावी आणि तसा ठराव घ्यावा. बांधकाम करणाऱ्याचं नाव, त्याने पैसे कुणाला दिले असतील, तो बाहेरचा की आतला, यातलं काहीही काढायचं नाही, तुम्हाला खात्री असली तरी नाही. ठराव झाला की तो मिनट बुकात शब्दशः लिहिला जातोय ना ते तिथेच बघा, वाचून दाखवायला सांगा.

वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातलं काही टाकू नका, तिथे ज्यांच्या घरात पाणी येत नाही तेच जास्त बोलतात.

तुमच्या बायकोचा प्रश्न मी टाळणार नाही, तुम्हालाच कशाला पडलंय. त्यांना सांगा की 2006-07 मध्ये 'प्रादेशिक आराखडा 2011', म्हणजे गोव्यातली कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा नकाशा, सरकारला मागे घ्यावा लागला तो काही एका पुढाऱ्यामुळे नाही, गावोगाव लोक नकाशे उघडून बसले, आपल्या शेतावर, डोंगरावर काय रंग मारलाय ते बघितलं आणि मग बोलले. नकाशा आधी बघितल्यामुळेच ते टिकले. तुमचा व्हाळ त्यामानाने लहान गोष्ट, पण पाणी तुमच्याच चुलीत येतं, मग तुम्हाला नाही पडायचं तर कुणाला पडायचं?

प्रश्न: आयएसएमध्ये, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेत, मला फार कमी मार्क दिलेत, मला वाटतं मागे मी सरांशी वर्गात वाद घातला त्याचा राग आहे. तक्रार केली तर सेमिस्टरभर छळतील. सोडून देऊ?
— एक विद्यार्थी, फोंडा

राग आहे हे तुला वाटतंय, मार्क कमी आहेत हे दिसतंय. दिसतंय तेवढंच विचार. पेपर बघायला माग, कुठल्या प्रश्नाला किती ते बघ, आणि एकटा जा, मित्रांचा घोळका घेऊन गेलास की सरांना तो मोर्चा वाटतो. निम्म्या वेळा तिथेच मिटतं, बेरीज चुकलेली असते किंवा तुझंच उत्तर अर्धवट असतं.

नाही मिटलं तर एचओडी, मग कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे ती प्रत्येक कॉलेजात असायलाच हवी, तक्रारीवर 15 कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रारीत "राग काढला" असं लिहू नकोस, ते सिद्ध करत बसावं लागेल. मार्कांचं लिही.

प्रश्न: आमच्या देवस्थानात पालखीच्या मानावरून दोन गट पडलेत. जत्रा जवळ आलीय, दोन्हीकडची तरुण मुलं तापलीत, माझा मुलगाही त्यात आहे. तो म्हणतो आपला मान सोडला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. मी साठीचा माणूस, मला भांडण नको आणि देवाचं कार्यही बंद पडायला नको. दोन्ही गटांत माझे लोक आहेत.
— एक गावकरी, पेडणे

तुमची घालमेल कळते मला. आपल्याकडे मानाचा वाद म्हणजे नुसता पालखीचा वाद नसतो, त्यात आजोबा-पणजोबा येतात, जुन्या जमिनी येतात, कुणाचं लग्न कुठे मोडलं तेही येतं. म्हणून कोणाचा मान खरा हे मी इथे बसून सांगणार नाही, आणि तुम्हीही जत्रेच्या तोंडावर ते ठरवायला जाऊ नका, ते आता ठरणारच नाही.

आता ठरवता येण्यासारखं एकच, या वर्षीची जत्रा कशी पार पडेल. 1933 च्या देवस्थान कायद्याखाली आपल्या तालुक्याचा मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो, वाद आधी त्याच्याकडे नेता येतो. पण लोक काय करतात, आदल्या दिवसापर्यंत वाट बघतात, मग देवळाच्या अंगणात धक्काबुक्की होते, पोलीस येतात, जमावबंदी लागते, देवळाला टाळं आणि पालखी आतच. दोन्ही गट हरतात आणि दोन्ही गट म्हणतात आम्ही नाही हरलो. एकदा टाळं लागलं की ते उघडायला काय यातायात पडते ते पेडण्यात राहून तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही दोन्हीकडचे आहात हे तुम्हाला ओझं वाटतंय, मला तर वाटतं तुमच्यासारखीच चार-पाच माणसं हवीत. प्रत्येक गटातली दोन वयस्क, शक्यतो बायकांपैकीही एखादी, कारण घरातल्या मुलांना आवरायचं काम शेवटी त्यांच्याकडेच येतं. देवळात बसू नका, कुणाच्या तरी घरी बसा. विषय एवढाच ठेवा की या वर्षापुरती पालखी कुणी, कुठून कुठवर न्यायची, आणि यामुळे कुणाचाही कायमचा हक्क मान्य किंवा अमान्य होत नाही असं कागदावर लिहा. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची, तिच्यामुळेच लोक सही करतात, नाहीतर प्रत्येकाला भीती असते की आज सोडलं तर उद्या कोर्टात आपल्याविरुद्ध पुरावा होईल. मूळ वाद चालू दे, महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या हक्काच्या सभासदांची यादी, जुने ठराव, समितीचे कागद घेऊन तो वकिलामार्फत सावकाश लढता येतो, वर्षं लागली तरी लागू देत.

मुलाला "तू जाऊ नको" म्हणालात तर तो नक्की जाईल. त्याला काम द्या, जुने कागद शोधायचं, झेरॉक्स काढायचं, मामलेदार कचेरीत तुमच्यासोबत यायचं. मानाची एवढी चाड आहे ना त्याला, मग तो मान कुठल्या कागदावर लिहिलाय ते त्याने स्वतः वाचावं. आणि त्याला स्पष्ट सांगा की मारामारीत नाव गेलं तर पोलीस व्हेरिफिकेशनला, नोकरीच्या वेळी ते पुढे येतं, गट कुठलाच मदतीला येत नाही.

समझोता झाला तरी आणि नाही झाला तरी, जत्रेच्या निदान पंधरवडाभर आधी मामलेदारांना अर्ज द्या, पोलीस स्टेशनला त्याची एक प्रत. दोन्ही गटांच्या प्रमुखांनाही प्रत द्या म्हणजे कुणी चोरून गेलं असं वाटणार नाही. आणि तुमच्याकडे राहील त्या प्रतीवर कचेरीचा शिक्का आणि तारीख आहे ना ते काउंटरवरून हलण्याआधी बघून घ्या.